गोल्फ कार्टला नवा कंट्रोलर बसवताना : वायरिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ सांगितलं की तो हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर सोडतो, आणि तिथे क्रिकेट चालू असतं. पण गोल्फ कार्ट मात्र आता शहराच्या चहूबाजूंना दिसतात. गंगापूर धरणाकडची रिसॉर्ट, दिंडोरी-विंचूरकडच्या वायनऱ्या, कॉलेजं, हॉस्पिटलं, मोठ्या सोसायट्या. यातल्या बऱ्याच गाड्या जुन्या घेतलेल्या असतात. तीन-चार वर्षांत लेड-ॲसिड बॅटऱ्या बसतात, मग मालक म्हणतो, “आता लिथियम टाकू, कंट्रोलरही मोठा टाकू.” कंट्रोलर डब्यातून काढून बोल्ट मारायला अर्धा तास लागतो. खरं काम असतं त्याच्याभोवतीच्या तारांचं. या गाड्यांत बसतात ती बहुतेक म्हातारी माणसं आणि लहान मुलं, म्हणून मला लोकांनी विचारलेले प्रश्न आणि माझी उत्तरं इथे सविस्तर लिहितो.

कंट्रोलर नेमकं काय करतो?

बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये बसून तो करंट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. पायडल अर्धं दाबलं तर निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद. हे काम आतले मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, करतात आणि त्यांच्या शेजारी वीज साठवणारे मोठे कपॅसिटर असतात. एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे केबल आणि लिथियमच्या वेळी ती लागेल : चढावर गाडी हळू चालत असताना मोटरमध्ये २०० अँपिअर वाहत असतील, तरी बॅटरीतून त्याच्या निम्मेच जात असू शकतात. कंट्रोलरवर लिहिलेला आकडा बहुतेक वेळा मोटरच्या बाजूचा आणि तोही थोड्या वेळापुरता असतो.

आमच्या गाडीत कोणती मोटर आहे, हे कसं ओळखायचं?

मोटरवरचे बोल्ट मोजा. चार जाड बोल्ट असतील, त्यांवर ए१, ए२, एस१, एस२ लिहिलं असेल आणि चारही केबल सारख्याच जाड असतील, तर ती सिरीज मोटर. दोन केबल जाड आणि दोन बारीक, बारीक बोल्टांवर एफ१, एफ२, तर ती सेपेक्स म्हणजे वेगळ्या फील्डची मोटर (फील्ड म्हणजे मोटरमधली न फिरणारी कॉइल). तीन जाड केबल (यू, व्ही, डब्ल्यू) आणि सोबत एक बारीक तारांचा कनेक्टर असेल, तर एसी किंवा बीएलडीसी (ब्रश नसलेली मोटर).

सिरीज मोटरचा कंट्रोलर सेपेक्सला चालत नाही, सेपेक्सचा सिरीजला चालत नाही. “व्होल्ट तेच आहेत ना?” असं म्हणून चुकीचा कंट्रोलर घेतलेले ग्राहक मी बरेच पाहिलेत. पैसे देण्याआधी सीट उचलून मोटरचा फोटो काढा.

हात घालण्याआधी काय तयारी करायची?

आधी फोटो. चारही बाजूंनी, उजेडात. मग प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना कागदी टेपची चिठ्ठी लावा. रंगावर विसंबू नका. जुन्या गाडीत आधीच्या मिस्त्रीने हाताला येईल ती तार वापरलेली असते.

त्यानंतर किल्ली बंद करा आणि ‘रन-टो’ स्विच असेल तर तो ‘टो’वर, म्हणजे गाडी ओढून नेण्याच्या बाजूला, टाका. मागचा ॲक्सल जॅकने उचलून दोन घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, पुढच्या चाकांना दगड लावा. बॅटरी पॅकची मुख्य मायनस केबल काढा, नंतर प्लस. कंट्रोलरमधले कपॅसिटर अजून भरलेले असतात. त्याच्या बी प्लस आणि बी मायनस या बोल्टांमध्ये एखादा बल्ब किंवा गाडीचा हॉर्न काही सेकंद लावा म्हणजे ते रिकामे होतात. पान्याने शॉर्ट करून ठिणगी पाडायची नाही.

अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा. माझ्या हत्यारांच्या पेटीत एक १३ नंबरचा पाना आहे, त्याच्या मानेला अर्ध्या नखाएवढी खाच पडली आहे. बॅटरीच्या दोन टोकांवर तो आडवा पडला, आणि उचलेपर्यंत तेवढं लोखंड वितळून गेलं होतं. नवीन पोरगा कामाला आला की मी आधी तो पाना त्याच्या हातात देतो. तेव्हापासून आमच्याकडे बॅटरीजवळच्या सगळ्या पान्यांच्या दांड्यांवर टेप गुंडाळलेली असते. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, त्यामुळे नुकत्याच चार्ज झालेल्या पॅकवर सीट उघडून हवा जाऊ दिल्याशिवाय काम करू नका.

सिरीज मोटरच्या कंट्रोलरला कोणती केबल कुठे जाते?

करंटच्या वाटेनेच चालत जाऊ, म्हणजे पाठ करावं लागत नाही. पॅकच्या प्लसपासून फ्यूज. फ्यूजपासून सोलेनॉइडचा (कॉइलने चालणाऱ्या मोठ्या स्विचचा) एक मोठा बोल्ट. सोलेनॉइडच्या दुसऱ्या मोठ्या बोल्टपासून कंट्रोलरचा बी प्लस. तिथूनच दुसरी केबल मोटरच्या ए१ला. आर्मेचरमधून, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागातून, करंट ए२वर येतो. तिथून तो फॉरवर्ड-रिव्हर्स स्विचमधून फील्डमध्ये, म्हणजे एस१-एस२मध्ये जातो. फील्डमधून बाहेर पडून पुन्हा त्याच स्विचमार्गे कंट्रोलरच्या एम मायनसला. कंट्रोलरच्या आतून बी मायनस, आणि बी मायनसपासून पॅकचा मायनस.

कर्टिस कंपनीच्या १२०४ आणि १२०५ या जुन्या, सगळीकडे दिसणाऱ्या कंट्रोलरवर आणखी एक ए२ लिहिलेला बोल्ट असतो, तो मोटरच्या ए२ला जोडायचा. गाडी पुढे सरकत असताना उलटा गिअर टाकला तर ब्रेकसारखा जो करंट तयार होतो, त्याला आतल्या डायोडमधून वाट मिळते ती या केबलने. “ही केबल नसली तरी गाडी चालते,” म्हणून ती वगळणारे मिस्त्री आहेत. कंपनीच्या आकृतीत ती दाखवली असेल तर जोडाच.

जोडल्यावर गाडी उलटी चालते. बॅटरीच्या तारा उलट करू का?

नका करू. कंट्रोलर जागीच जाईल. आणि सिरीज मोटर त्यानेही उलटी फिरत नाही, कारण आर्मेचर आणि फील्ड दोघांचाही करंट एकदमच उलटतो. फक्त एस१ आणि एस२ आपसात बदला.

पायडलखालचा मायक्रोस्विच बायपास केला तर चालेल का?

नाही. या पानावरचं दुसरं काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं वाचा.

सिरीज गाडीत पायडल थोडंसं दाबलं की खाली एक छोटा स्विच ‘टिक’ करतो. त्याने सोलेनॉइडच्या कॉइलला करंट मिळतो, सोलेनॉइड ‘खट्’ करून बसतो आणि मगच बॅटरी कंट्रोलरला पूर्णपणे जोडली जाते. पाय उचलला की स्विच सुटतो, सोलेनॉइड सुटतो, बॅटरी तुटते. लोकांना वाटतं हा बॅटरी वाचवण्याचा प्रकार आहे. तसं नाही. मॉस्फेट मरतात तेव्हा ते बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतात. शॉर्ट मॉस्फेट म्हणजे पायडल कितीही असो, मोटरला पूर्ण व्होल्टेज. त्या वेळी गाडी थांबवणारी एकच गोष्ट उरते, पाय उचलल्यावर सुटणारा सोलेनॉइड.

धरणाच्या बॅकवॉटरकडच्या एका रिसॉर्टवरची गोष्ट आहे. सहा सीटची गाडी, तक्रार एवढीच की अधूनमधून बंद पडते. मायक्रोस्विच झिजला होता. कुणीतरी त्याच्या दोन तारा एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळली. गाडी छान चालू झाली. किल्ली फिरवली की सोलेनॉइड बसायचा आणि किल्ली बंद करेपर्यंत बसलेलाच राहायचा. पुढे काही महिन्यांनी, चढावरून सामान वाहून आणल्यावर गाडी रिसेप्शनसमोर उभी केली. ड्रायव्हरने पुन्हा किल्ली फिरवली, पाय पायडलवर नव्हता, आणि गाडीने उडी घेतली. एक आजी चढण्यासाठी दांडीला हात लावून उभ्या होत्या. त्यांच्या नातवाने त्यांना मागे ओढलं. ड्रायव्हरला किल्ली बंद करायचं सुचलं तोवर गाडी तीन कुंड्या फोडून भिंतीला टेकली होती.

दुसऱ्या दिवशी मी मल्टिमीटर लावला तेव्हा बी मायनस ते एम मायनस सरळ बझर वाजला. मॉस्फेट शॉर्ट. आणि पायडलच्या पेटीत ती टेप तशीच, उन्हाने चिकट झालेली. नवा मायक्रोस्विच दोघांच्या चहा-नाश्त्याच्या पैशांत येतो.

सेपेक्स आणि एसी गाड्यांत हा स्विच थेट सोलेनॉइडला जात नाही. तो कंट्रोलरला जातो आणि सोलेनॉइड कधी बसवायचा ते कंट्रोलर ठरवतो. तिथेही तो सुरक्षेचाच भाग आहे, बायपास करायचा नाही. काम झाल्यावर मी एक चाचणी नेहमी करतो : मागची चाकं घोडीवर असताना पायडल हळूहळू सोडायचं आणि सोलेनॉइड सुटल्याचा आवाज ऐकायचा. आवाज आला नाही तर गाडी माझ्याकडून बाहेर जात नाही.

सोलेनॉइडवरचा तो पांढरा रेझिस्टर आणि छोटा डायोड कशासाठी? जुन्या सोलेनॉइडवर नव्हते.

नव्हते म्हणूनच तो सोलेनॉइड चिकटला असण्याची शक्यता आहे.

रेझिस्टर दोन मोठ्या बोल्टांच्या मध्ये बसतो. कंट्रोलरमधले कपॅसिटर रिकामे असताना सोलेनॉइड एकदम बसला, तर क्षणभर शेकडो अँपिअरचा लोंढा जातो. प्रत्येक वेळी आतल्या संपर्कांवर ठिणगी पडते आणि एक दिवस ते वेल्ड होतात. मग पाय उचलूनही सोलेनॉइड सुटत नाही, म्हणजे वरच्या गोष्टीतली शेवटची आशाही गेली. रेझिस्टर कपॅसिटर आधीच हळूहळू भरून ठेवतो. ४८ व्होल्टच्या गाडीला साधारण ४७० ओम, १० वॉटचा लावतात. ३६ व्होल्टला २५० ओमचा. कंट्रोलर शॉर्ट झालाच तर ४७० ओमवर पूर्ण ४८ व्होल्ट येतात, म्हणजे जवळपास ५ वॉट उष्णता. म्हणून पाव वॉटचा रेझिस्टर लावून भागत नाही, तो जळतो. या रेझिस्टरमुळे किल्ली बंद असतानाही कंट्रोलरच्या बाजूला व्होल्टेज असतं, हेही ध्यानात असू द्या.

डायोड दोन छोट्या बोल्टांवर, म्हणजे कॉइलवर. कॉइलचा करंट तुटला की ती उलटा मोठा झटका देते, त्याने मायक्रोस्विच आणि किल्लीचा स्विच जळत जातात. साधा १एन४००७ पुरतो. त्यावरचा पांढरा पट्टा कॉइलच्या प्लस बाजूला. उलटा लावलात तर पहिल्याच दाबाला शॉर्ट.

केबल किती जाड घ्यायची?

जुन्या गाड्यांत साधारण १६ स्क्वेअर एमएमच्या आसपासची केबल असते. कंट्रोलर ३०० अँपिअरचा केला की तीच केबल ठेवून काय होतं, हिशोब बघा. जाण्यायेण्याची मिळून ४ मीटर तांब्याची केबल धरली, तर १६ स्क्वेअरमध्ये ३०० अँपिअरला सुमारे १.३ व्होल्ट पडतात आणि जवळपास ३९० वॉटची उष्णता नुसत्या केबलमध्ये होते. ३५ स्क्वेअर घेतली तर ०.६ व्होल्ट आणि १८० वॉटच्या आत. गाडीला असा करंट थोडाच वेळ लागतो हे खरं, पण धरणाकडच्या चढांवर तो ‘थोडा वेळ’ रोज पन्नास वेळा येतो.

३०० अँपिअरपर्यंत २५ स्क्वेअर चालते, मी ३५ घालतो. ४०० ते ५०० अँपिअरच्या कंट्रोलरला ३५ किंवा ५०. बारीक तारांची वेल्डिंग केबल उत्तम, ती वळते चांगली आणि हादऱ्यांनी तुटत नाही. पण ती अस्सल तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल बाजारात स्वस्त मिळते. टोक खरवडून आत पांढरं दिसलं तर परत करा. बॅटऱ्यांमधल्या छोट्या जोडकेबलही बदला, त्या विसरल्या जातात. एकच बारीक राहिली तरी सगळा ताप तिच्यावर येतो.

केबलच्या टोकाचा लग दाबताना हातोडी आणि छिन्नी नको. अंबड-सातपूरला इलेक्ट्रिक पॅनेल बनवणारी शॉप आहेत, त्यांच्याकडे हायड्रॉलिक क्रिंपिंग मशीन असतं. केबल मापून कापून घेऊन जा, बारा-पंधरा लग ते थोडक्या पैशांत दाबून देतात. दाबलेला लग मधोमध कापला तर आत तांबं एकसंध दिसायला हवं, तारा सुट्या दिसायला नकोत. कथिलाने डाग देऊन केलेला जोड मी या करंटला वापरत नाही. तो तापला की कथिल मऊ होतं, आणि जिथे कथिल संपतं तिथेच केबल हादऱ्याने तुटते.

फ्यूज म्हणून घरातला एमसीबी लावला तर?

नको. घरातला करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे एमसीबीमधली ठिणगी विझते. डीसी कधी शून्यावर येत नाही, ठिणगी जळतच राहते. डीसीचा फ्यूज घ्या आणि त्यावरचं व्होल्टेज वाचा. कारच्या म्युझिक सिस्टिमसाठी मिळणारे बरेच एएनएल फ्यूज फक्त ३२ व्होल्टचे असतात, ४८च्या गाडीत ते चालत नाहीत. लिथियम पॅक असेल तर क्लास-टी फ्यूज घ्यावा, कारण शॉर्ट झाल्यावर लिथियम जेवढा करंट सोडतो तेवढा तोडायची ताकद त्यात असते. फ्यूज पॅकच्या प्लसपासून शक्य तितका जवळ. त्याच्याशेजारी हाताने ओढता येईल असा अँडरसन कनेक्टर किंवा आयसोलेटर ठेवा, आणि तो कुठे आहे हे ड्रायव्हरला दाखवून ठेवा.

सेपेक्स गाडी ओढून नेली आणि कंट्रोलर गेला. असं का?

‘टो’वर न टाकता ओढली म्हणून. चाकं मोटर फिरवतात, कंट्रोलर जागा होऊन फील्डला करंट देतो आणि मोटरचा जनरेटर होतो. बॅटरी काढलेली असेल तर त्या विजेला जायला जागाच नसते. सेपेक्समध्ये उलट दिशा कंट्रोलर स्वतः फील्ड उलटवून देतो, म्हणून जाड फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच नसतो, फक्त बारीक तारांचा बटणासारखा स्विच असतो. काही गाड्यांच्या मोटरच्या मागे वेग मोजणारा सेन्सर असतो. त्याची तार तुटली तर गाडी गोगलगायीसारखी चालते आणि लोक कंट्रोलर बदलत बसतात.

एसी किंवा बीएलडीसी मोटर टाकली. गाडी घुंऽऽ करते, झटके देते, पण पळत नाही.

फेज (यू, व्ही, डब्ल्यू या जाड केबल) आणि सेन्सर यांचं जुळत नाहीये. एसी मोटरच्या टोकाला एन्कोडर, म्हणजे वेग आणि दिशा सांगणारा सेन्सर, असतो. चार तारा : सप्लाय, ग्राउंड आणि ए, बी असे दोन सिग्नल. मोटर पुढे फिरत असताना एन्कोडर ‘मागे’ सांगत असेल, तर कंट्रोलर भरपूर करंट ओततो आणि मोटर थरथरत राहते. ए आणि बी आपसात बदला, किंवा यू-व्ही-डब्ल्यूपैकी कुठल्याही दोन. एका वेळी एकच बदल. कर्टिसच्या एसी कंट्रोलरमध्ये प्रोग्रॅमर लावून हे सेटिंगमधूनही करता येतं, तारांना हात न लावता.

बीएलडीसीला हॉल सेन्सरच्या पाच तारा असतात, लाल-काळ्या सप्लायच्या आणि पिवळी-हिरवी-निळी सिग्नलच्या. फेजच्या केबलही पिवळ्या-हिरव्या-निळ्या. रंगाला रंग जोडला की झालं, असं वाटतं, पण मोटर एका कंपनीची आणि कंट्रोलर दुसरीचा असेल तर रंग जुळतीलच असं नाही. जोडण्याचे एकूण ३६ प्रकार होतात, त्यांतले मोजकेच बरोबर. अंदाजाने फिरवत बसण्यापेक्षा कंट्रोलरला ‘सेल्फ लर्निंग’ची तार असेल तर ती वापरा, चाकं वर उचलून. सिग्नलच्या तारा जाड केबलांना चिकटवून नेऊ नका. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा.

जुनं पायडल नव्या कंट्रोलरला चालेल का?

आधी मोजा. पायडलचे प्रकार बरेच आहेत : ० ते ५ किलोओम, उलटा ५ किलोओम ते ०, हॉल सेन्सरचा तीन तारांचा ज्यात साधारण १ ते ४ व्होल्ट येतात, आणि ईझी-गोच्या गाड्यांतला कॉइलवर चालणारा. दोन तारांचा असेल तर मल्टिमीटर ओमवर ठेवून पायडल अगदी सावकाश दाबा. आकडा न अडखळता चढला पाहिजे. मध्येच उडी मारली की गाडीही त्याच जागी झटका देणार. कंट्रोलरची सेटिंग पायडलच्या प्रकाराशी जुळवणं फार महत्त्वाचं, कारण उलट प्रकारचं पायडल म्हणजे पाय उचलल्यावर पूर्ण वेग. बहुतेक कंट्रोलरमध्ये, पायडल दाबलेलं असताना किल्ली फिरवली तर गाडी न हलण्याची सोय असते. ती सेटिंगमधून बंद करू नका.

लिथियम पॅकबरोबर काय बदलावं लागतं?

सोळा सेलचा एलएफपी (लिथियमचाच एक प्रकार) पॅक म्हणजे ५१.२ व्होल्ट, भरल्यावर ५८.४. ४८चा चांगला कंट्रोलर हे सहन करतो, तरी त्याची कमाल मर्यादा वाचूनच घ्या. खरी अडचण बीएमएसची, म्हणजे पॅकमधल्या सेलचं रक्षण करणाऱ्या सर्किटची. १०० अँपिअरचा बीएमएस आणि ४०० अँपिअरचा कंट्रोलर अशी जोडी लावली, की चढावर पॅक अचानक बंद होतो. बीएमएसची ताकद कंट्रोलर बॅटरीतून जास्तीत जास्त जेवढा करंट ओढेल त्यापेक्षा जास्त हवी, नाहीतर सेटिंगमध्ये बॅटरी करंट खाली आणा. सोलेनॉइडवरचा तो (प्रीचार्ज) रेझिस्टर नसेल तर काही बीएमएस कपॅसिटरच्या लोंढ्यालाच शॉर्ट समजून बंद होतात.

दुसरी अडचण आमच्याकडच्या रिसॉर्टवाल्यांनी नीट ऐकावी. चार्जिंग पॉइंट टेकडीवर असतो. सकाळी गाडी पूर्ण भरते आणि पहिलीच फेरी उताराची असते. सेपेक्स किंवा एसी गाडी उतारावर बॅटरी भरत येते, पण पॅक आधीच तुडुंब. बीएमएस चार्जिंग तोडतो. ती वीज कुठे जाणार? कंट्रोलरवर व्होल्टेज चढतं, तो फॉल्ट दाखवून बंद पडतो आणि मोटरचा ब्रेक नेमका उतारावर जातो. चार्जर ९० टक्क्यांवर थांबवा, नाहीतर रीजनची, म्हणजे उतारावर बॅटरी भरणाऱ्या मोटर-ब्रेकची, ताकद कमी करून ठेवा. आणि साधा पायाचा ब्रेक उत्तम स्थितीत हवाच.

क्लब कारच्या जुन्या ४८ व्होल्ट गाड्यांत ओबीसी (ऑन-बोर्ड कॉम्प्युटर) नावाचा डबा असतो, पॅकच्या मायनसची तार त्याच्या भोकातून जाते. तो लेड-ॲसिडच्या चार्जिंगचा हिशोब ठेवतो. लिथियमला त्याचा उपयोग नाही, तो बाजूला काढावा लागतो.

लाइट, हॉर्न, पंख्यासाठी १२ व्होल्ट एकाच बॅटरीवरून घेतले तर?

ती एक बॅटरी रोज जास्त उतरते आणि तिच्यामुळे सगळा पॅक लवकर मरतो. पूर्ण पॅकवर चालणारा आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर लावा. या गाड्यांत पॅकचा मायनस चेसिसला जोडलेला नसतो. कारसारखं समजून बॉडीला अर्थ देऊ नका.

३६ची गाडी ४८ करू का?

वेग व्होल्टेजमधून येतो, जोर अँपिअरमधून. ४८ केल्यावर वेग साधारण एक तृतीयांशाने वाढतो. सोलेनॉइडची कॉइल, चार्जर आणि कंट्रोलर ४८चे हवेत. ब्रेक तेच राहतात, हे विसरू नका. तुमची तक्रार चढाची असेल तर ३६वर ठेवून जास्त अँपिअरचा कंट्रोलर आणि जाड केबल पुरते.

द्राक्षबागेतल्या गाडीच्या तारा इतक्या लवकर काळ्या का पडतात?

गंधकामुळे. भुरीसाठी गंधक मारतात, त्याची पावडर सीटखाली जाऊन बसते आणि तांब्यावर काळा थर चढतो. वरून सगळं घट्ट दिसतं, पण लगच्या खाली संपर्क उरलेला नसतो. निफाडकडच्या एका बागेतल्या गाडीचा बोल्ट काढला तर तांब्याचा लग जळलेल्या पोळीसारखा दिसत होता. बोर्डोचं (मोरचूद-चुन्याचं) पाणी उडालं तर ते वाळून क्षार राहतात, आणि दमट हवेत त्यातून बारीक करंट गळत राहतो. बागेतल्या गाडीला कथिलाचा मुलामा असलेलेच लग वापरा, त्यांवर गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा आणि बोल्ट आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी आवळायचं, मग जेली. फवारणीच्या दिवसांत गाडी शेडमध्ये ठेवा. शेडमध्ये उंदीर असतात, म्हणून बारीक तारा लवचीक नळीतून घ्या.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला गाडी असेल तर कनेक्टरची तोंडं खाली हवीत आणि तार कनेक्टरमध्ये शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर यावी, म्हणजे थेंब झोळावरून गळतो. प्रेशर पंपाने सीटखाली धुवायचं नाही. कंट्रोलर जाड ॲल्युमिनियमच्या प्लेटवर, मध्ये थर्मल पेस्ट लावून बसवा, प्लास्टिकवर नाही. पाऊस लागतो म्हणून त्याला पिशवीत गुंडाळणारे भेटतात, पुढच्या मे महिन्यात तो तापून करंट कमी करतो आणि गाडी चढत नाही.

सगळं जोडलं, पण गाडी हलत नाही. नवा कंट्रोलरच खराब आला असेल ना?

माझ्या अनुभवात क्वचित. मल्टिमीटर घेऊन क्रमाने जा. पॅकचं व्होल्टेज. किल्ली फिरवल्यावर कंट्रोलरच्या किल्लीच्या पिनेवर व्होल्टेज येतं का. पायडल दाबल्यावर सोलेनॉइड खट् करतो का. आवाज आला तरी त्याच्या दोन मोठ्या बोल्टांमध्ये मोजा, जवळजवळ शून्य हवं. आवाज येतो आणि व्होल्टेजही दिसतं, तर आतले संपर्क जळलेत. मग पायडलचे ओम. शेवटी, सिरीज गाडीत बी प्लस आणि एम मायनस यांच्यामध्ये मोजा. पायडल वर असताना शून्याजवळ, आणि दाबत जाल तसं पॅकएवढं व्हायला हवं. तसं होत असेल तर कंट्रोलर ठणठणीत आहे, दोष पुढे आहे : फॉरवर्ड-रिव्हर्स स्विचचे जळलेले संपर्क, मोटरचे ब्रश, ढिला लग.

ही गाडी गंगापूर रोडवर चालवता येईल का?

नाही. नंबर नसलेली गोल्फ कार्ट आवारातच. २५० वॉटपर्यंत आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या बॅटरी गाड्यांना नोंदणीतून जी सूट आहे, ती या मोटरना लागू होत नाही.

पहिली चाचणी कशी घ्यायची?

चाकं घोडीवर ठेवून, पायडल अगदी थोडं. सिरीज मोटर भाराशिवाय जोरात फिरवली तर ती वेग वाढवतच जाते आणि आर्मेचर फाटू शकतं, म्हणून तिथे पूर्ण दाबायचं नाही. दिशा बघा, सोलेनॉइड सुटल्याचा आवाज ऐका, मग खाली घ्या. मोकळ्या मैदानात एकटे बसून पंधरा मिनिटं चालवा, एक चढ घ्या, थांबा, अँडरसन ओढा आणि प्रत्येक लगला हाताची पाठ लावून बघा. शेजारच्यापेक्षा जास्त गरम लागला, तो पुन्हा खोला. आठवड्याने सगळे बोल्ट परत आवळा. जोडलेल्या वायरिंगची आकृती, तुम्ही प्रत्यक्ष जशी जोडलीत तशी, कागदावर काढून लॅमिनेट करा आणि सीटच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढच्या वेळी सीट उचलणारा कदाचित दुसराच कुणी असेल.